सर्व्हिस सेंटरमधून परतलेली गाडी: संशय कशाचा घ्यावा आणि कशाचा घेऊ नये

तुम्ही लिहिले आहे की, तुमची तीन वर्षांची डिझेल मोटार नियमित सर्व्हिसिंगसाठी आणि ब्रेकच्या आवाजाच्या तक्रारीसाठी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली होती, आणि ती परत आली तेव्हा मीटरवर २३ किलोमीटर जास्त होते, सीट आणि आरसे हललेले होते, घड्याळ व मायलेजच्या सरासरीचे आकडे पुसले गेले होते आणि मागच्या डाव्या दारावर बारीक ओरखडा होता. ग्राहकांच्या खोलीतल्या काचेतून तुम्ही मेकॅनिकला गाडी जागेवरच बराच वेळ रेस करताना पाहिले. दोन दिवसांनी खालून फडफड ऐकू आली म्हणून वाकून पाहिले, तर इंजिनाखालच्या कव्हरचे तीन बोल्ट जागेवर नव्हते. हे लोक आपल्या माघारी गाडी अशीच बेदरकारपणे हाताळतात का, ते कसे रोखायचे आणि यापुढे गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडेच न्यावी का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी अधिकृत डीलरच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो, तिथेच टेक्निशियन, फ्लोअर सुपरवायझर आणि शेवटी वर्क्स मॅनेजर झालो, आणि आता शिवाजी उद्यमनगरात स्वतःचे गॅरेज चालवतो, त्यामुळे त्या काचेच्या दोन्ही बाजूंना मी उभा राहिलो आहे. तुम्हाला ज्या गोष्टींनी सर्वाधिक अस्वस्थ केले त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी आहेत, आणि जी गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता सांगितली, तीच काळजी करण्यासारखी आहे. वर्कशॉपमध्ये गाडीचे नुकसान दांडगाईने क्वचित होते. ते बहुधा घाईने होते, आणि ही घाई काम संपवून गाडी पुन्हा जोडताना, शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत होते.

आधी किलोमीटरचे पाहू. ब्रेकच्या आवाजाची तक्रार असेल तर ट्रायल दोनदा घ्यावी लागते, एकदा आवाज प्रत्यक्ष ऐकण्यासाठी आणि एकदा काम झाल्यावर. काही गाड्यांत हा आवाज डिस्क चांगली तापल्यावरच येतो, म्हणजे पहिल्या चार-पाच किलोमीटरांत काही ऐकूच येत नाही. त्यात तुमची गाडी घरून नेऊन घरी पोहोचवली गेली असेल आणि वर्कशॉप शिरोलीच्या बाजूला असेल, तर नुसत्या जाण्या-येण्याचेच दहा-पंधरा किलोमीटर होतात. त्यामुळे २३ किलोमीटर हा आकडा मला खटकत नाही. मला खटकले असते ते हे की, जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना भरतात त्या कामाच्या कागदावर, आत येतानाचे मीटर लिहिलेले नाही, किंवा ट्रायल कोणी, कधी आणि कुठे घेतली याची नोंद मागितल्यावर सर्व्हिस अॅडव्हायझरने टोलवाटोलवी केली. केवळ ऑइल बदलायला दिलेल्या गाडीवर ४०-५० किलोमीटर चढले आणि त्याची नोंद नाही, तर मात्र गाडी कोणाच्या तरी खासगी कामाला फिरली असे समजून लेखी खुलासा मागावा. हल्ली अनेक गाड्यांच्या मोबाइल अॅपमध्ये प्रवासाची नोंद राहते. ती पाहिली तर तर्क करण्याची गरजच उरत नाही.

जागेवर रेस करण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली, आणि तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला सगळे डीपीएफ म्हणतात. या जाळीत साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी धुराचे तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. हायवेवर एकसारख्या वेगाने गाडी चालली की हे काम आपोआप होते. पण ताराबाई पार्कातून राजारामपुरी आणि राजारामपुरीतून परत, एवढेच ज्या गाडीचे रोजचे फिरणे, तिच्यात ती प्रक्रिया अर्धवट राहते आणि काजळी साचत जाते. मग वर्कशॉपमध्ये स्कॅनर जोडून ती जाळावी लागते. त्या वेळी इंजिन स्वतःच आपला वेग वाढवते, पंखा जोरात फिरतो, धुराड्यातून प्रचंड उष्णता बाहेर पडते आणि हे वीस-तीस मिनिटे चालू राहते. आत बसलेल्या माणसाचा पायही अॅक्सिलरेटरवर नसतो. काचेपलीकडून पाहणाऱ्या मालकाला मात्र वाटते की पोरगा मजा म्हणून गाडी ताणतो आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीसाठी धूर मोजतानाही अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन काही वेळा कमाल वेगापर्यंत न्यावेच लागते, तीच चाचणीची पद्धत आहे. कूलंट बदलल्यावर त्यातली हवा काढण्यासाठीही इंजिन काही मिनिटे चढत्या वेगावर ठेवतात. यातले काहीच गैर नाही. गैर काय, तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी चावी मारल्या मारल्या, ऑइल वरपर्यंत पोहोचायच्या आत, ताड्-ताड् रेस देणे. ते दिसले तर जरूर हटका, कारण त्याने बेअरिंगे आणि टर्बो यांची झीज खरोखर वाढते.

घड्याळ आणि सरासरीचे आकडे पुसले गेले याचा अर्थ बॅटरीची वायर काढली होती एवढाच. त्यानंतर खिडकीची काच एका दाबात वर न जाणे किंवा इंजिनाचा आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा वेग, थोडा वेळ वरखाली होणे असेही घडते. काचेचे बटण मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे धरून ठेवले की पुन्हा जुळते. सीट आणि आरसे हलणे ही तर चांगली खूण मानावी, कारण गाडी चालवणाऱ्याने आरसे स्वतःपुरते लावून न घेताच गाडी हमरस्त्यावर काढली असती तर ते अधिक वाईट होते.

आता त्या तीन बोल्टांकडे वळू.

अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला कंपनीने वेळ ठरवून दिलेली असते, मजुरी त्या वेळेवर आकारली जाते आणि टेक्निशियनचा इन्सेंटिव्ह किती मजुरीचे बिल झाले यावर ठरतो. दीड तासाचे काम तासात उरकले तर उरलेल्या अर्ध्या तासात पुढची गाडी रॅम्पवर चढते; ते काम दोन तास चालले तर तोटा त्याचाच. सकाळी नऊ ते अकरा गाड्या आत घेण्याची झुंबड आणि संध्याकाळी पाच ते सात त्या देण्याची झुंबड, असा तिथला दिवस असतो. दसरा, दिवाळी, गुढीपाडवा यांच्या आधीचा आठवडा आणि प्रत्येक शनिवार यांत ही ओढाताण आणखी वाढते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या तेव्हा, ज्या गाड्यांना पाणी शिवलेही नव्हते त्यांच्या साध्या सर्व्हिसिंगकडे पाहायला माणूस मिळत नव्हता. अशा वेळी जे काम डोळ्यांना दिसते ते होतेच: ऑइल बदलले जाते, फिल्टर बदलला जातो, गाडी धुतली जाते. जे काम दिसत नाही, म्हणजे काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागी, योग्य बळाने परत बसणे, त्यात कसूर राहते.

चाकाच्या नटांचे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर थांबतो. शिस्तीने काम करणारा टेक्निशियन चाक हबवर टेकवतो, प्रत्येक नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवून बसवतो, मग हलक्या हाताने समोरासमोरच्या क्रमाने आवळतो, गाडी रॅम्पवरून उतरवून चाक जमिनीला टेकले की टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेले बळ आले की कळवणारा पाना, लावतो आणि प्रत्येक नटावर तो ‘टक्’ आवाज येईपर्यंतच जोर देतो. बहुतेक छोट्या मोटारींसाठी हे बळ साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आहे. घाईत असलेला माणूस काय करतो, तर नट थेट हवेच्या गनमध्ये ठेवून घर्रर्र करून एका दमात बसवतो आणि पुढच्या चाकाकडे जातो. गनचा जोर हवेच्या दाबावर आणि बोट किती वेळ दाबले यावर ठरतो, आणि तो ठरवलेल्या आकड्याच्या दुपटीवरही सहज जातो. नट वाकडा धरला गेला असेल तर आटे एकमेकांवर चढतात, आणि गनच्या जोरापुढे ते हाताला कळतही नाही. जादा आवळल्याने नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो, आणि नट कमी-जास्त आवळले गेले तर ब्रेकची डिस्क किंचित वाकडी बसून काही हजार किलोमीटरांनी ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागते. तोवर बिल जुने झालेले असते आणि थरथरीचा संबंध त्या सर्व्हिसिंगशी कोणी जोडत नाही.

याची परीक्षा घरी करता येते. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, आणि जॅक न लावता, गाडीसोबत मिळालेल्या चाकपान्याने प्रत्येक चाकाचा एकेक नट सैल करून पाहा. साधारण ताकदीच्या माणसाच्या हाताने तो सुटला पाहिजे. पान्यावर उभे राहून उड्या माराव्या लागत असतील, तर आंबा घाटात पावसात पंक्चर झाल्यावर तुम्ही स्टेपनी लावू शकणार नाही हे आजच कळले असे समजा, आणि गाडी परत नेऊन सर्व नट टॉर्क रेंचने आपल्यासमोर लावून घ्या. उलट एखादा नट बोटाच्या जोरानेच फिरला तर गाडी तिथून हलवूच नका, वर्कशॉपचा माणूस घरी बोलवा. सैल केलेला नट पुन्हा नीट आवळायला विसरू नका, आणि चाके काढून बसवली असतील तेव्हा ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर एकदा सगळे नट तपासावेत हा नियम कोणत्याही गॅरेजला लागू आहे, माझ्यासुद्धा.

दुसरी जागा म्हणजे ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट, जुने ऑइल काढायला उघडतात तो. आजच्या बहुतेक गाड्यांचे चेंबर अॅल्युमिनियमचे किंवा पातळ पत्र्याचे असते आणि बोल्ट पोलादी. त्याला साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर एवढेच बळ पुरते, म्हणजे चाकाच्या नटाच्या निम्म्याहूनही कमी. त्याखाली तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे मऊ वायसर असते. ते दाबले जाऊन गळती थांबवते, म्हणून दर वेळी नवे टाकायचे असते. नवे वायसर टाकले नाही की थेंब थेंब गळते, गळते म्हणून पुढच्या वेळी कोणीतरी बोल्ट जास्त आवळतो, त्याच्या पुढच्या वेळी आणखी जास्त, आणि एक दिवस चेंबरचे आटे बोल्टाबरोबर बाहेर येतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा ड्रेन बोल्ट मी हाताने धरून हलवला तर तो आतल्या आत फिरत होता. आट्यांवर पांढरा टेप गुंडाळून आणि वरून सीलंट फासून तो कसाबसा अडकवून ठेवला होता. आधीच्या सर्व बिलांवर ‘ऑइल बदलले’ एवढेच लिहिलेले, कोणाच्या हातून आटे गेले हे सिद्ध करणे अशक्य. ओतकामाच्या आणि ऑइल इंजिनांच्या या गावात उपाय मात्र हाताशी असतो: उद्यमनगरात भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात पोलादी हेलिकॉइल, म्हणजे आट्यांचे काम करणारे तारेचे वेटोळे, बसवून देणारे कसबी हात आहेत, आणि असे केलेले आटे मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतात. तरीही प्रश्न हा की, काही रुपयांचे वायसर बिलात का दिसत नाही. तुमच्या बिलात ते वेगळे लिहिले आहे का ते पाहा. काही कंपन्या ते ऑइल फिल्टरच्या पाकिटातच देतात, त्यामुळे बिलात नसले म्हणून लगेच आरोप करू नका, विचारा.

ऑइलची पातळी गाडी ताब्यात घेतानाच, इंजिन बंद होऊन पाच-दहा मिनिटे झाल्यावर, सपाट जागी डिपस्टिकने पाहावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल असेल तर क्रँकशाफ्ट ते घुसळते, फेस होतो आणि फेसाळलेले ऑइल नीट वंगण देत नाही. मात्र हे त्याच दिवशी पाहिले तरच उपयोग आहे, कारण बीएस-६ डिझेलमध्ये काजळी जाळण्याच्या प्रक्रियेत थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पातळी हळूहळू आपोआप वाढते. महिन्याभराने वाढलेली पातळी दाखवून ‘तुम्हीच जास्त ऑइल ओतले’ असे म्हणण्याला मग अर्थ राहत नाही. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख करणारे ऑइलच लागते, तेव्हा बिलावर केवळ ‘५डब्ल्यू-३०’ लिहून भागत नाही. मॅन्युअलमधले पूर्ण स्पेसिफिकेशन आणि ओतलेल्या ऑइलचे स्पेसिफिकेशन जुळले पाहिजे.

इंजिनाखालचे कव्हर हे या सगळ्याचे उघड लक्षण आहे. ऑइल बदलण्यासाठी ते काढावे लागते, त्याचे बोल्ट आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा ट्रेमध्ये पडतात, दोन-तीन वेळा काढल्यावर क्लिपांचे पाय मोडतात, आणि स्टोअरमधून नव्या क्लिपा मागवायच्या तर पार्ट रिक्वेस्ट, मंजुरी आणि पंधरा मिनिटे जातात. म्हणून चार ठिकाणी धरले आहे, पुरेल, असे म्हणून गाडी खाली उतरते. कव्हर हायवेच्या वाऱ्याने सुटून रस्त्याला घासू लागले तर ते चाकाखाली येऊ शकते, आणि ते नसेल तर चिखल व पाणी अल्टरनेटर आणि बेल्टपर्यंत उडते, जे गगनबावड्याच्या पावसात परवडणारे नाही. माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा पुढेच आहे: ज्या हाताने तीन बोल्ट सोडले, त्याच हाताने तुमचा ड्रेन बोल्ट आणि चाकांचे नट आवळले आहेत. म्हणून कव्हर लावून घ्यायला जाल तेव्हा गाडी रॅम्पवर चढवून, फ्लोअर सुपरवायझरसमोर, ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासून मागा. याचे पैसे ते मागणार नाहीत, आणि मागितले तर त्यांच्या वर्क्स मॅनेजरला भेटा.

ब्रेकच्या कामात काचेतून पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे. कॅलिपर काढल्यावर तो तारेने किंवा हुकाने वर अडकवला पाहिजे, रबरी होजवर लोंबकळत ठेवता कामा नये, कारण त्याने होज आतून चिरतो. पॅड काढून ते सँडपेपरवर घासताना दिसले तर ते योग्यच काम आहे. गाडी ताब्यात घेतल्यावर ती हलवण्याआधी ब्रेकचे पेडल चार-पाचदा दाबा. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेला असतो आणि कोणी पेडल पंप करायला विसरले असेल तर पहिला दाब थेट तळाला जातो. आणि ब्रेक फ्लुइड रंगावर सांडले तर ते रंग विरघळवते, त्यामुळे बोनेटजवळच्या पत्र्यावर पुसट डाग दिसला तर तो धुळीचा समजून सोडू नका.

तुमच्या दारावरचा ओरखडा बहुधा दुरुस्तीच्या जागेतला नाही, वॉशिंगचा आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, रंगाची बहुतेक हानी मेकॅनिकच्या हातून होत नाही. ती धुण्याच्या जागी, आधीच्या दहा गाड्यांचा चिखल पुसलेल्या फडक्याने होते. मागच्या दारांवर आणि डिकीवर असे ओरखडे जास्त दिसतात, कारण तोपर्यंत फडक्यात माती भरलेली असते. यावर सोपा उपाय आहे: जॉब कार्डावर ‘धुऊ नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि गाडी घरी धुवा. फुकट मिळणारी गोष्ट सोडवत नाही हे मी समजू शकतो, पण गाडीचा रंग जपायचा तर ती सोडावी. चेंबर आणि बोनेटखालचा भाग जोराच्या फवाऱ्याने धुऊ देऊ नका, सेन्सरांच्या जोडण्यांत पाणी शिरले की आठवड्याभराने लागणाऱ्या दिव्यांचा उलगडा कोणालाच होत नाही.

याच ओघात अॅडव्हायझर सुचवतो त्या जादा सेवांबद्दल. एसी निर्जंतुकीकरण, डॅशबोर्ड पॉलिश, इंजिन डीकार्बनायझिंग यांनी गाडीचे सहसा नुकसान होत नाही, खिशाचे होते, आणि त्यांवर अॅडव्हायझरला महिन्याचे टार्गेट असते. एकाच बाबतीत सावध राहा: खालून मारायचे अँटी-रस्ट कोटिंग. ते निष्काळजीपणे फवारले तर दारांच्या आणि सिलच्या (दारांखालच्या पोकळ पट्टीच्या) तळाची पाणी निघून जाण्याची भोके बुजतात, पाणी आतच राहते, आणि जो गंज थांबवण्यासाठी पैसे दिले तोच आतून सुरू होतो. कोकणात नेहमी जाणारी गाडी असेल तर कोटिंग उपयोगी आहे, पण मारल्यावर ती भोके मोकळी असल्याची खात्री स्वतः बोट लावून करा.

रोखायचे कसे, याचे उत्तर जॉब कार्डात आहे. गाडी देताना मीटर, इंधनाची पातळी, आधीचे ओरखडे, स्टेपनी, जॅक आणि डॅशकॅम यांची नोंद करून घ्या आणि चारी बाजूंनी, शिवाय छतासह, मोबाइलवर व्हिडिओ काढा. बॅटरी बदलली जाईल अशी भीती असेल तर तिच्या नंबराचा आणि टायरवरच्या आठवडा-वर्ष सांगणाऱ्या चार आकड्यांचा फोटो पुरे, जरी असे प्रकार अधिकृत ठिकाणी मी फार क्वचित ऐकले आहेत. तक्रार ‘ब्रेक पाहणे’ अशी न लिहिता ‘ताशी ३० च्या खाली, ब्रेक हलका दाबल्यावर पुढच्या उजव्या चाकातून चिरका आवाज’ अशी लिहा. टेक्निशियनला तुम्ही भेटत नाही, त्याच्या हातात फक्त हा कागद असतो. बदललेले जुने पार्ट परत हवेत असेही आधीच लिहा, मात्र वॉरंटीत बदललेले पार्ट कंपनीकडे तपासणीसाठी जातात, ते मागू नका. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पहिल्या वेळेला गाडी द्या आणि संध्याकाळचा हट्ट धरू नका, दुसऱ्या दिवशी दिली तरी चालेल असे सांगा. एवढ्या एका वाक्याने तुमची गाडी घाईच्या रांगेतून बाहेर निघते. टेक्निशियनशी दोन शब्द बोलायला मिळाले तर त्याला नावाने ओळखा आणि पुढच्या वेळी तोच मागा. तपासायला आलो आहोत या थाटात त्याच्यामागे उभे राहिलात तर तो मान खाली घालून काम करील आणि जे सांगायचे तेही सांगणार नाही.

नुकसान झालेच असेल तर ते गेटबाहेर पडण्याआधी डिलिव्हरीच्या कागदावर लिहून मग सही करावी. तुम्ही ते केलेले नाही, पण तुमच्याकडे आधीचा फोटो असेल तर अजून उशीर झालेला नाही. आजच ईमेल पाठवा, त्यात जॉब कार्डाचा नंबर, ओरखड्याचे आणि रिकाम्या बोल्टांच्या जागांचे फोटो जोडा, आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे अशी स्पष्ट मागणी करा, कारण ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ‘इन्शुरन्समध्ये टाकून करून देतो’ असे सुचवले जाईल. त्याला नकार द्या. त्यांच्या हातून झालेले नुकसान तुमच्या पॉलिसीवर टाकले की तुमचा नो क्लेम बोनस जातो, जो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो, वर सक्तीची वजावट तुमच्याच खिशातून जाते, आणि नुकसान कसे झाले याची खोटी हकिकत तुमच्या सहीने दिली जाते.

जॉब कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत ‘गाडी मालकाच्या जोखमीवर ठेवली व चालवली जाईल’ असे छापलेले असते, ते दाखवले जाईल. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १५१ नुसार, ज्याच्या ताब्यात वस्तू विश्वासाने दिली आहे त्याने सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते, आणि छापील ओळीने निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. डीलरने आठ-दहा दिवसांत दाद दिली नाही तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. एका ओरखड्यासाठी मात्र मी आयोगापर्यंत जाणार नाही. एका पॅनेलचे पॉलिश किंवा रंग हा वर्क्स मॅनेजरच्या अधिकारातला विषय आहे, आणि कागद नीट असले की तो बहुधा तिथेच मिटतो. आटे गेले, ऑइल गळून इंजिन जाम झाले, चाक निखळले, असे काही असेल तर स्वतंत्र तंत्रज्ञाचा लेखी अहवाल घ्या, आणि तो घेईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका.

राहिला उद्यमनगराचा प्रश्न. माझे पोट त्याच्यावर असूनही सांगतो की, वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटी चालू असेपर्यंत नियमित सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करा. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड करताना, बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये असेही म्हटले होते. पुढे ते प्रकरण अपिलात गेले, आणि आज तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत काय अटी छापल्या आहेत त्यावरूनच काउंटरवरचा माणूस बोलतो. डीपीएफ, इंजेक्टर कोडिंग, सॉफ्टवेअर अपडेट आणि कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची कामे यांसाठीही तेच ठिकाण योग्य आहे. सस्पेन्शन, ब्रेक, क्लच, एसी आणि वॉरंटीनंतरचे ऑइल-फिल्टर ही कामे चांगल्या बाहेरच्या गॅरेजात तेवढीच, आणि पुष्कळदा अधिक निगुतीने होतात, कारण तिथे रॅम्पवर चढवणारा आणि गाडी परत देणारा माणूस एकच असतो. मिस्त्री निवडताना त्याच्या भिंतीवर टॉर्क रेंच टांगलेला आहे का आणि त्याच्या मुठीवर वापराची झीज दिसते का, एवढे पाहा, त्याच्याकडून ऑइलच्या स्पेसिफिकेशनसह छापील बिल घ्या, आणि हवेची गन तर त्याच्याकडेही असते.